खरवडीचा सण

बकुळाचे इवलेसे हात नेहमी करडे दिसायचे. राख आणि नारळाची शेंडी घेऊन ती आईबरोबर भांडी घासायची, आणि तीही साधीसुधी भांडी नव्हेत. एकेक कढई अशी, की तिच्यात धाकटा नाथू गुडघे पोटाशी घेऊन खुशाल झोपला असता. बाबा नव्हते. घरात एक चूल होती, एक घोंगडी होती, आणि छपराला इतकी भोकं होती की झोपल्याझोपल्या चांदण्या दिसायच्या.

हिरव्यागार डोंगरांच्या कुशीतलं त्यांचं गाव, साखरवेल. या गावाला सणांचं भारी वेड! दिवाळी-दसरा तर सगळेच करतात, पण साखरवेलचे सण जगावेगळे. चकलीचा दिवस आला की गावात कुणी सरळ चालायचं नाही, सगळ्यांनी गोल गोल गिरक्या घेत जायचं. गुरुजीसुद्धा गिरक्या घेतच शाळेत पोचायचे आणि फळ्याला धरून उभे राहायचे. वाकड्या काकडीच्या दिवशी गावातली सगळ्यांत वाकडी काकडी पालखीत बसायची आणि तिच्यापुढे लेझीम चालायची. आणि पापडाचा दिवस? तेव्हा सगळं गाव चिडीचूप बसायचं. मग ढोलावर एक टिपरी पडायची आणि सगळे एकदम पापड चावायचे. कर्रर्रम! झाडावरचे पोपट हिरवा पाऊस उलटा पडावा तसे आभाळात उडायचे.

प्रत्येक सणाला देवळापुढच्या मांडवात पंगत बसे. पंगतीचा नियम एकच होता. ज्या घरातून त्या दिवसाचा पदार्थ येईल, त्या घराचं पान मांडायचं. ज्यांचं ताट नाही, त्यांचं पान नाही.

बकुळाच्या घरातून कधीच ताट जात नसे. सण संपला की मांडवातली भांडी ओढ्याकाठच्या जांभूळबनात यायची, तेव्हा कुठे सण तिच्यापर्यंत पोचायचा. परातीला चिकटलेला लाडवाचा चुरा, झाऱ्यात अडकलेली बुंदीची एखादी पिवळी कळी, आणि खिरीच्या पातेल्याच्या बुडाला लागलेली तांबूस, खरपूस खरवड. बकुळा ती शिंपल्याने खरवडून काढायची. अर्धी नाथूला, अर्धी आईला. बोटांना लागलेली तेवढी तिची.

त्या वर्षी पापडाच्या दिवशी तिघं ओढ्याकाठी बसली होती. लांबून कर्रर्रम ऐकू आलं. नाथू म्हणाला, "आई, जवळून किती मोठा आवाज येत असेल गं?"

आईने त्याला जवळ ओढलं. पण संध्याकाळी भाकरी थापताना ती हळूच म्हणाली, "बकू, खिरीचा दिवस झाला की आपण घाटापलीकडे जाऊ. खिरीची भांडी घासून देईन असा शब्द दिलाय, तेवढा पाळू आणि निघू. जिथे आपलं पान मांडत नाहीत, ते गाव आपलं कसलं?"

बकुळाने चमकून वर पाहिलं. हा ओढा, ही जांभळं, हे हिरवे पोपट सोडून जायचं? तिने ओठ घट्ट मिटले, चुलीतल्या लाल निखाऱ्याकडे टक लावून पाहिलं आणि म्हणाली, "आई, मी आपलं पान मांडून घेईन. बघच तू."

"कसं गं, बाळा?"

"ते अजून ठाऊक नाही. पण घेईन."

थोड्याच दिवसांनी जिलेबीचा सण झाला. आईचे हात राखेने चिरले होते, म्हणून बकुळा एकटीच जांभूळबनात गेली. सकाळचं कोवळं ऊन पानांतून गाळून खाली सांडत होतं. पाकाचं पातेलं तिने कलतं केलं, तोच आतून आवाज आला, काचेच्या बांगड्या किणकिणाव्यात तसा.

"हळू गं, हळू! मी आहे आत!"

बकुळाने वाकून पाहिलं. घट्ट झालेल्या सोनेरी पाकात एक इतकुशी परी अडकली होती! अंगात हिरव्या वेलचीच्या सालीसारखा झगा, केसांत केशराच्या काड्या, हातात इवलीशी कांडी, आणि पाठीला चतुराच्या पंखांसारखे झिरझिरीत पंख. पण पंख पाकाने चिकटून एकमेकांवर बसले होते.

"अगंबाई, तू इथे कशी पडलीस?"

परी लाजून गुलाबी झाली. "जिलेबीचा वास आला आणि राहवेना. म्हटलं, एकदाच चाटून बघू. परी झाले म्हणून काय झालं, जीभ मलाही आहे!"

बकुळाला खुदकन हसू आलं. तिने ओढ्याचं पाणी उन्हात ठेवून कोमट केलं. मऊ जांभळीचं पान भिजवलं आणि एकेक पंख अगदी अलगद पुसू लागली. घाई केली असती तर पंख फाटला असता. ऊन डोक्यावर आलं, भांड्यांचा ढीग तसाच पडून राहिला, पोटात कावळे ओरडू लागले, तरी बकुळा उठली नाही. शेवटी एक पंख फडफडला, मग दुसरा. त्यांतून निळे, जांभळे, मोतिया रंग चमचमले आणि परी उडून बकुळाच्या नाकाच्या शेंड्यावर बसली.

"मी वेलची. गावोगावच्या सणांत गोडवा शिंपडणारी परी. हे बघ, माझ्या पंखांवर दोन सोनेरी ठिपके आहेत. हे दोन्ही आता तुझे. एका ठिपक्याला एक इच्छा. पण ऐक, याला नियम आहेत हं."

"सांग ना."

"मागशील ते खाण्याचंच माग आणि सगळ्यांना पुरेल असं माग. तुझ्या जिभेला जी चव ठाऊक आहे, तीच येईल. चाखलंच नाहीस ते मला आणता येत नाही. आणि मनात राग ठेवून मागू नकोस. रागाने मागितलेला घास आंबतो."

"मी कशाला रागावेन?" बकुळा टाळ्या वाजवत म्हणाली.

वेलची नुसतीच हसली आणि जांभळीच्या दाट पानांत दिसेनाशी झाली.

पुढचा सण लाडवांचा होता. बकुळाने नाथूचं तोंड धुतलं, त्याचा ठिगळाचा सदरा झटकला आणि त्याचा हात धरून ती थेट मांडवात गेली. मांडवाच्या तोंडाशी मथुराकाकू उभ्या होत्या. साखरवेलच्या मुदपाकखान्याचा सगळा कारभार त्यांच्याकडे. हातात पळी, कमरेला पदर खोचलेला, आणि आवाज असा की कढईतलं तेलसुद्धा तडतडायचं थांबावं.

"काय गं पोरी? भांडी अजून निघायची आहेत."

"भांड्यांसाठी नाही आले, काकू. पंगतीला आलेय."

"रिकाम्या हातांनी? ताट कुठे आहे?"

पंगतीत कुणीतरी फिदीफिदी हसलं. कुणीतरी नाथूच्या सदऱ्याकडे बोट दाखवलं. नाथू बकुळाच्या परकरामागे लपला. बकुळाचे कान लाललाल झाले. तिने डोळे मिटले आणि दात आवळून म्हटलं, "वेलची, लाडू दे! सगळ्या गावाला पुरतील इतके लाडू!"

झगमग झाली! मांडवाच्या मधोमध एक भलंमोठं ताट प्रकटलं आणि त्यात लाडवांचा पिवळाधमक डोंगर. वर बेदाण्यांचे डोळे, काजूची नक्षी. सगळ्यांनी 'आ' वासला. सगळ्यांनी एकेक लाडू उचलला, तोंडात घातला आणि...

"ई! थू! थू!"

कच्च्या चिंचेहून आंबट! गुरुजींचा एक डोळा मिटला तो उघडेना. बायका तांब्यांकडे धावल्या, पोरं जिभा बाहेर काढून नाचू लागली. मथुराकाकूंनी पळी ताटावर आपटली. "गावाची चेष्टा करतेस? जा आधी घरी!"

बकुळा नाथूला कडेवर घेऊन पळतच जांभूळबनात आली. वेलची एका जांभळाच्या घोसावर बसली होती. तिच्या पंखावरचा एक ठिपका विझला होता.

"राग आला होता ना?"

"आला होता." बकुळाच्या डोळ्यांतून टपोरे थेंब गळले. "अजूनही आहे. तुझ्या कांडीने तो काढून टाक ना, परीताई."

"माझ्या कांडीने फुलं फुलतात, पाक मुरतो, पण दुसऱ्याच्या मनातला राग जात नाही गं. तो ज्याचा त्यालाच घालवावा लागतो."

बकुळाने नाक पुसलं. "मग घालवीन," ती म्हणाली.

पण राग काही सहज जाईना! तिने भांडी घासता घासता राग घासला, धुतला, उन्हात वाळत घातला. गाणी म्हटली. नाथूला पाठीवर घेऊन घोडा घोडा खेळली. मथुराकाकूंचा आवाज आठवला की राग पुन्हा तुरुतुरु येऊन मनात बसे. इकडे आईने गाठोडं बांधायला घेतलं होतं.

खिरीचा दिवस उजाडला. बकुळा अंथरुणात उठून बसली. ज्यांचा राग येतो त्यांना लांबून पाहून राग जात नसेल, तर जवळ जाऊन बघावं, असं तिच्या मनाने घेतलं. आंबट लाडवांबद्दल माफी मागायची होतीच. ती तडक मुदपाकखान्यात गेली.

आत धूर कोंदला होता. भल्यामोठ्या पातेल्यात दूध उकळत होतं आणि मथुराकाकू एकट्याच ते ढवळत उभ्या होत्या. त्यांचे डोळे धुराने लाल झाले होते. पायांना सूज होती. त्या कधी एका पायावर, कधी दुसऱ्या पायावर उभ्या राहत होत्या. पंगतीतला तो दरारा आता कुठेच दिसत नव्हता.

"काकू, त्या दिवशी माझं चुकलं," बकुळा म्हणाली.

काकूंनी मान वळवली. "हं. झालं ते झालं. सरक, अंगावर उडेल."

"तुम्ही थोडं बसा ना. मी ढवळते."

"तुला जमायचं नाही."

"जमेल. पाटावर चढते."

आणि चढलीसुद्धा! काकू भिंतीला टेकून बसल्या आणि त्यांनी पाय पसरले. जरा वेळाने त्या आपणहून बोलू लागल्या.

"सगळे म्हणतात, मथुरेची मजा आहे, रोज सण! अगं, सगळ्यांना वाढता वाढता माझं पान शेवटी. तोवर सगळं गार. गरम खीर कशी लागते, ते मीही विसरलेय बघ."

बकुळाचा हात क्षणभर थांबला. म्हणजे काकूंच्याही वाट्याला उरलंसुरलंच! तिला त्यांच्या सुजलेल्या पायांची कणव आली आणि ती आणखी जोर लावून ढवळू लागली.

बाहेर ढोल वाजू लागले. पानं मांडली गेली. काकू उठल्या, गूळ घेतला, पातेल्यात सोडला, पळी फिरवली आणि एकदम पांढऱ्याफटक पडल्या. दूध नासलं होतं. वर हिरवट पाणी आणि खाली गाठीच गाठी.

"गेलं गं, सगळं गेलं," काकू कशाबशा म्हणाल्या. "घरोघरची ताटं येतात, पण देवापुढे पहिली वाटी या पातेल्यातली. सगळं गाव पानांवर बसलंय. आता कुठल्या तोंडाने जाऊ मी बाहेर?"

आणि त्या मथुराकाकू, ज्यांच्या आवाजाने तेल तडतडायचं थांबे, तोंडाला पदर लावून लहान मुलीसारख्या रडू लागल्या.

बकुळाजवळ आता एकच इच्छा उरली होती. तिने ठरवलं होतं की खिरीचं ताट मागायचं, आपल्या घराच्या नावाने मांडवात न्यायचं आणि आई-नाथूचं पान मांडून घ्यायचं. ही इच्छा काकूंच्या पातेल्यावर खर्च झाली तर तिच्या घराचं ताट कुठलं? आई उद्या घाट चढेल. ओढा मागे राहील, जांभळंही राहतील.

तिने काकूंकडे पाहिलं. मनात राग शोधला. या कोपऱ्यात पाहिला, त्या कोपऱ्यात पाहिला. कुठेच सापडला नाही.

"काकू, रडू नका." तिने त्यांचा हात धरला आणि डोळे मिटले. "वेलची, काकूंचं पातेलं भरू दे. साऱ्या गावाला पुरेल अशी खीर दे."

धुरातून सोनेरी झुळूक फिरली. नासलेलं दूध गोल गोल गिरकी घेऊन नाहीसं झालं आणि रिकाम्या पातेल्यात काहीतरी वर येऊ लागलं, वाफाळत, दरवळत! वेलचीचा वास, जायफळाचा वास, आणि त्याहून खोल असा एक खमंग, खरपूस वास. काकूंनी डोळे पुसून वाकून पाहिलं. पातेलं काठोकाठ भरलं होतं. पण त्यात पातळ, दुधाळ खीर नव्हती. मधासारखा तांबूस, जाडसर, चिकट थरावर थर होता.

"अगं, ही तर खरवड!"

बकुळा गोरीमोरी झाली. "मला एवढीच चव ठाऊक आहे, काकू. मी खीर अशीच खाल्लीय."

मथुराकाकूंनी त्या करड्या, इवल्याशा हातांकडे पाहिलं, मग पातेल्याकडे पाहिलं. किती सण, किती पातेली त्यांनी जांभूळबनात पाठवली होती! त्यांनी पदर खोचला, पातेल्याचा एक कान स्वतः धरला, दोघा गड्यांना हाक मारून दुसरा कान त्यांना धरायला लावला आणि त्या मांडवात आल्या.

"मंडळी, ऐका!" आज त्यांचा आवाज किंचित कापत होता. "माझी खीर नासली. ही भांडी घासणाऱ्या सारजाच्या लेकीने, बकुळाने आणलेली खरवड आहे. देवापुढे पहिली वाटी हिचीच ठेवणार. ज्यांना नको, त्यांनी खुशाल उठावं."

मांडवात कुजबुज झाली. खरवड? पातेल्याला लागलेली? सणाच्या दिवशी? आंबट लाडू कुणी विसरलं नव्हतं.

सगळ्यांत आधी म्हाताऱ्या केरोबाआजोबांनी पान पुढे केलं. घास तोंडात गेला आणि त्यांच्या पांढऱ्या मिशा थरथरल्या.

"अरे, लहानपणी या खरवडीसाठी मी आणि माझा भाऊ पातेल्यात डोकं घालून भांडायचो! एकदा माझं डोकं आतच अडकलं होतं. आई पातेल्यासकट मला अंगणभर ओढत होती!"

जो तो खो खो हसला. मग कुणी चमच्याने, कुणी बोटाने, कुणी झाऱ्याने खरवडू लागलं. खर्र, खर्र, खर्र! खरपूस गोडवा जिभेवर विरघळला आणि गुरुजींनी दोन्ही डोळे मिटून घेतले, या वेळी आनंदाने. "वाढा! आणखी वाढा!" असा एकच गलका झाला.

"थांबा," मथुराकाकू म्हणाल्या. "आधी तीन पानं मांडायची राहिलीत."

त्यांनी स्वतः केळीची पानं पुसली, मांडली, भोवती रांगोळीची बोटं ओढली. मग त्या ओढ्यापर्यंत चालत गेल्या आणि सारजाच्या पुढ्यात उभ्या राहिल्या. "सारजे, चल. पान वाढलंय."

"काकू, आमचं ताट..."

"ताट-बीट काही नाही. इतकी वर्षं चुकलं आमचं. चल, गार होतंय."

सारजा आली. नाथू आला. बकुळा त्यांच्या मधे बसली. तिच्या शेजारी केरोबाआजोबांनी आणखी एक पान ओढून मांडलं आणि मथुराकाकूंना हात धरून खाली बसवलं. "आज तुम्हीही गरम खा, बाई. वाढायला आम्ही आहोत."

त्याच पंगतीत गावाने ठरवलं की दर वर्षी खरवडीचा सण करायचा. त्या दिवशी कुणी घरून काही आणायचं नाही, कुणाला ताट विचारायचं नाही. सगळ्यांनी रिकाम्या हातांनी यायचं, पोटभर खायचं आणि नंतर सगळ्यांनी मिळून भांडी घासायची. गुरुजींनीसुद्धा! आणि बाकीच्या सणांनाही पानं मोजायची ती ताटांवरून नाही, माणसांवरून.

आईने बकुळाच्या कानाशी तोंड नेलं. "आता घाट कशाला चढायचा गं?" ती म्हणाली आणि हसली. बकुळाने आईला इतकं मोकळं हसताना कधी पाहिलंच नव्हतं.

तेवढ्यात मांडवाच्या झालरीवर काहीतरी लुकलुकलं. वेलची तिथे पाय हलवत बसली होती. तिच्या पंखांवर आता एकही ठिपका नव्हता.

"जातेस?" बकुळाने हळूच विचारलं.

"दुसऱ्या गावात सण आहेत गं, राणी. माझी एक गंमत मात्र ठेवून जाते. तू कुणासाठी जे काही ढवळशील ना, ते कधी नासणार नाही."

वेलची झालरीवरून उडाली. तिच्या हिरव्या झग्यातून उजेड फुटला, आधी पोपटी, मग केशरी, मग दुधासारखा शुभ्र. तो मांडवभर पसरला, सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून, पातेल्यांवरून, नाथूच्या खरवडीने माखलेल्या गालांवरून मऊ मऊ फिरला आणि हळूहळू उन्हात मिसळून गेला.

बकुळा अजून वरच पाहत होती. समोर पळी घेऊन केरोबाआजोबा येऊन उभे राहिले.

"पोरी, पान रिकामं झालं की तुझं. आणखी वाढू?"

असं तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. बकुळाने पान दोन्ही हातांनी पुढे सरकवलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "वाढा, आजोबा! भरपूर वाढा!"